जंगल देशाचं, एल्क राज्याचा : शिकारीत 'बाहेरचा' कोण?

लॅरमीकर

२०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एका अपिलाला हात लावायला नकार दिला आणि वायोमिंग राज्यातला शिडीचा खटला एकदाचा संपला. आपल्याकडच्या पेपरांत ही बातमी यायचं काही कारण नव्हतं. इथे वायोमिंगच्या लॅरमी गावात मात्र न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला माणूससुद्धा त्यावर बोलत होता. शिडीकडे येतोच, पण धागा काढायचं खरं कारण म्हणजे तिच्याआडचं जुनं भांडण: इथले शिकारी विरुद्ध बाहेरचे शिकारी.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पहिले चार प्रतिसाद पाप-पुण्यावर खर्ची पडतील. इथली शिकार परवान्यावर चालते. मोसम ठरलेला, विभाग ठरलेला, एका परवान्यावर एक जनावर. जनावर पडलं की परवान्याच्या कुपनावर सही करायची, त्यावरचा दिवस आणि महिना चाकूने कापायचा आणि मगच पुढचं काम. खाण्याजोगं मांस टाकून आलात तर गुन्हा. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतला, पण भलताच थोराड. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे जातो. तो रस्त्यापासून चार मैलांवर पडला तर पाय आणि फऱ्या सुट्या करून, कापडी पिशव्यांत भरून पाठीवर आणाव्या लागतात. एका खेपेत तर मुळीच होत नाही. 'ऐषारामी खेळ' म्हणणाऱ्यांनी एकदा मागचा पाय पाठीवर घेऊन बर्फातून चढ चढून बघावा.

आता भांडणाचं मूळ. वायोमिंगची जवळजवळ निम्मी जमीन केंद्र सरकारची आहे. त्या जमिनीवर मिसूरीसारख्या दुसऱ्या राज्यातल्या सुताराचा आणि माझा हक्क अगदी सारखा. पण त्या जमिनीवर चरणारा एल्क राज्याच्या अखत्यारीत. कुणाला किती परवाने आणि काय भावाने, हे राज्य ठरवणार आणि राज्याचे आमदार निवडायला मिसूरीचा सुतार येत नाही.

भाव ऐका. इथे वर्षभर राहिलेल्या माणसाला एल्कचा साधा परवाना सुमारे ५७ डॉलरला, दुकानात जाऊन. बाहेरच्याला ६९२ डॉलर, तोही सोडतीत नाव लागलं तर. सोडतीत नशीब जरा बरं हवं असेल तर 'स्पेशल' नावाची वेगळी रांग आहे, तिचे १,९५० डॉलर. जनावर तेच, मोसम तोच. स्पेशलमध्ये स्पेशल एवढंच की इतके पैसे मोजणारे कमी असतात. बिगहॉर्न मेंढा, मूस, डोंगरी बकरा अशा दुर्मीळ जनावरांच्या परवान्यांत २०२२ साली कायदा करून इथल्यांचा वाटा ९० टक्के केला, बाहेरच्यांना राहिले १०. एल्क, हरीण आणि प्राँगहॉर्नलाही तोच हिशोब लावा म्हणणारे इथे पुष्कळ आहेत. अजून तरी ते जमलेलं नाही.

आणि माझा सगळ्यात नावडता नियम: केंद्राने 'विल्डरनेस' म्हणून राखलेल्या जंगलात बाहेरच्या माणसाला मोठ्या जनावराची शिकार वाटाड्याशिवाय करता येत नाही. वाटाड्या एकतर परवानाधारक धंदेवाईक किंवा मोफत परवाना काढलेला इथला रहिवासी. गंमत अशी की हाच माणूस त्याच जंगलात गळ घेऊन, कॅमेरा घेऊन, तंबू घेऊन आठवडाभर एकटा राहू शकतो. एल्कचा परवाना खिशात आला की मात्र तो वाट चुकेल अशी सरकारला धास्ती! १९७० च्या दशकातला हा नियम सुरक्षेसाठी आहे असं सांगतात. ज्यांचं पोट त्यावर चालतं त्या आउटफिटर (शिकारीच्या सहली काढणाऱ्या धंदेवाईक) मंडळींशिवाय हे कारण मनापासून सांगणारा मला अजून भेटायचाय.

मी पूर्वी फोर्ट कॉलिन्सला होतो. लॅरमीपासून गाडीने तास-सव्वा तास, पण राज्य कोलोरॅडो. त्यांच्या हिरव्या नंबरप्लेटवरून इथले लोक त्यांना 'ग्रीनी' म्हणतात, आणि ते प्रेमाने नव्हे. स्नोई रेंजच्या पायथ्याशी गाडी लावली की शेजारचा ट्रकवाला आधी माझी प्लेट बघायचा, मग माझ्याकडे. आता माझी प्लेट ५ ने सुरू होते, म्हणजे आल्बनी काउंटी. तोच ट्रकवाला आता हात करतो आणि वर 'यंदा ग्रीनी फार झालेत' हेही मलाच ऐकवतो.

आता शिडी. रेल्वे टाकताना, १८६२ च्या कायद्याने, युनियन पॅसिफिकला रुळांच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक चौरस मैल जमीन मिळाली. मधले चौरस सरकारी राहिले. म्हणजे बुद्धिबळाचा पट: काळी घरं खासगी, पांढरी सरकारी. पांढऱ्यातून पांढऱ्यात जायचं तर उंटासारखं तिरकं, कोपऱ्यावरूनच जावं लागतं. कार्बन काउंटीत एल्क माउंटन नावाचा डोंगर आहे, तिथे सुमारे २२ हजार एकरांचं रँच आहे आणि त्याच्या काळ्या घरांत सरकारी पांढरी घरं अडकलेली आहेत. मिसूरीच्या चार शिकाऱ्यांनी २०२१ साली लोखंडी शिडी बनवून आणली, कोपऱ्यावर उभी केली आणि एका सरकारी चौरसातून दुसऱ्यात उतरले. खासगी मातीला बूट लागला नाही. मालक म्हणाला, माझ्या हवेतून गेलात. फौजदारी खटल्यात २०२२ साली ज्यूरीने चौघांना सोडलं. दिवाणी दाव्यात मालकाने नुकसानीचा आकडा कित्येक लाख डॉलरपर्यंत नेला. तिथेही २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयात आणि २०२५ च्या मार्चमध्ये दहाव्या सर्किटमध्ये (म्हणजे या भागातल्या राज्यांच्या केंद्रीय अपील न्यायालयात) तो हरला. कोर्टाने आधार घेतला १८८५ च्या एका कायद्याचा: सरकारी जमीन कुंपणाने अडवायची नाही. गुरांच्या बड्या मालकांना आवरायला केलेला कायदा एकशे चाळीस वर्षांनी शिडीच्या कामी आला.

आता बघा, शिडीवाले चौघे नॉनरेसिडेंट, म्हणजे राज्याबाहेरचे. रँचचा मालक औषध उद्योगातला, राहणार नॉर्थ कॅरोलायनाचा, म्हणजे तोही नॉनरेसिडेंट. आणि निकालाचा फायदा सगळ्यात जास्त कुणाला? रॉलिन्स आणि लॅरमीच्या आमच्यासारख्यांना, ज्यांच्यापैकी एकानेही त्या कोपऱ्यावर पाय टाकून स्वतःवर खटला ओढवून घेतला नव्हता. म्हणून माझं म्हणणं: 'इथला-बाहेरचा' ही रेघ आखण्यात आम्ही इतके गुंतलोय की फाटकाची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते बघायचं राहून जातं. आमच्या विधानसभेत दहा टक्के की वीस टक्के यावर तास न् तास चर्चा होते.

इतर राज्यांतल्या मंडळींचे अनुभव वाचायला आवडतील.

ऋतुजा_प

वेगळाच विषय, आवडला. एक बाळबोध शंका. एल्क 'राज्याचा' हे ठरवलं कुणी? तो काय हद्दीवर पाटी वाचून थांबतो? आज वायोमिंगात चरणारा उद्या कोलोरॅडोत गेला तर मालक बदलला का?

अहिंसक_सातारकर

मुक्या प्राण्याला गोळी घालण्याच्या हक्कावरून भांडण! हक्क प्राण्याचा कुणी विचारला का?

खवट_म्हातारा

चला, दुसऱ्याच प्रतिसादात आलं. धागाकर्ते भविष्य चांगलं सांगतात.

वकिली_बाणा

ऋतुजाताई, शंका बाळबोध नाही, याच शंकेवर शंभर-सव्वाशे वर्षं कोर्ट चाललंय.

१८९६ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की वन्य प्राणी राज्यातल्या जनतेच्या सामाईक मालकीचे आणि राज्य त्यांच्या वतीने मालक. १९७९ मध्ये त्याच कोर्टाने ही मालकीची कल्पना मोडीत काढली. आता राज्याकडे मालकी नाही, विश्वस्तासारखे अधिकार आहेत. तुमचा एल्क हद्द ओलांडून कोलोरॅडोत गेला की तिथल्या विश्वस्ताकडे गेला, इतकंच.

पण आपल्या विषयाचा मुख्य निकाल १९७८ चा, मोंटानाचा. तिथे तेव्हा रहिवाशाला नुसत्या एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळे आणि बाहेरच्याला २२५ डॉलरचा सगळा गठ्ठाच घ्यावा लागे, एल्कखेरीज दुसरं काही मारायचं नसलं तरी. बाहेरचे शिकारी आणि एक मोंटानाचाच वाटाड्या कोर्टात गेले. राज्यघटना म्हणते की एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या नागरिकाला मूलभूत बाबतींत सापत्न वागणूक द्यायची नाही. कोर्ट ६ विरुद्ध ३ मतांनी म्हणालं: बरोबर आहे, पण हौसेची एल्क शिकार ही मूलभूत बाब नाही. संपला विषय. नॉनरेसिडेंटचा आजचा सगळा भाव त्या एका वाक्यावर उभा आहे.

मध्ये एकदा इमारत हलली होती. अ‍ॅरिझोनाने बाहेरच्यांना काही परवान्यांत १० टक्क्यांचं कुंपण घातलं होतं. शिकारीचा धंदा करणारे कोर्टात गेले आणि २००२ मध्ये नवव्या सर्किटने सांगितलं की ही आंतरराज्य व्यापारात ढवळाढवळ आहे, राज्याने समर्थन द्यावं. पश्चिमेकडच्या सगळ्या राज्यांचं धाबं दणाणलं. मग २००५ मध्ये नेवाडाचे सिनेटर हॅरी रीड यांनी काँग्रेसकडून कायदाच करून घेतला: शिकार-मासेमारीत राज्यांनी आपला-परका भेद खुशाल करावा. हे कलम एका तातडीच्या खर्चाच्या विधेयकाला टाचून मंजूर झालं. आपल्यापैकी जे विमानतळावर 'रिअल आयडी' दाखवतात त्यांच्या माहितीसाठी: तो कायदाही याच विधेयकातून आला.

मालवणचो_झिलगो

ह्यां सगळा वाचून माका मलपीवाल्यांची आठवण इली.

बाकीच्यांसाठी सरळ मराठीत लिहितो. आमच्या समुद्रात बारा सागरी मैलांपर्यंत महाराष्ट्राचा अंमल. मलपी म्हणजे कर्नाटकातलं बंदर; तिथले हायस्पीड ट्रॉलर त्याच्या आत घुसतात, रात्रीत मासळी ओढून नेतात. आमचे लोक बोटी घेऊन पाठलाग करतात, पकडून बंदरात आणतात, कधी हाणामाऱ्या होतात. गस्तीनौका एक आणि किनारा हा एवढा. त्यामुळे 'बाहेरचा' या शब्दावर आमचं रक्त लगेच तापतं आणि तुमच्या वायोमिंगवाल्यांचं मला पटतं. जो तिथे बारा महिने राहतो, थंडी-वारा काढतो, त्याचा वाटा आधी.

पण एक फरक आहे. आमचा ह्यां पोटासाठी, तुमची ती हौस.

वकिली_बाणा

झिलग्या, अमेरिकेत हा फरकच उलटा पडला बघ! १९४८ चा खटला आहे, साउथ कॅरोलायनाचा, कोळंबीचा. राज्याने आपल्या बोटींना २५ डॉलर आणि बाहेरच्या बोटींना २,५०० डॉलर लावले होते. कोर्टाने ते उडवलं, कारण मासेमारी हा पोटाचा धंदा आणि धंदा करायला दुसऱ्या राज्यात जाणं हा मूलभूत हक्क. म्हणजे तिथल्या न्यायाने पोटासाठी येणाऱ्याला अडवता येत नाही, हौसेसाठी येणाऱ्याला खुशाल अडवा. मालवणच्या बंदरावर हा निकाल वाचून दाखवायची माझी छाती नाही.

मालवणचो_झिलगो

वाचू नकोच. पण धागाकर्त्यांची शेवटची गोष्ट आमच्याकडेही लागू पडते हे कबूल करायला पाहिजे. मलपीवाले आले की आम्ही सगळे एक. ते गेले की रापणकर विरुद्ध पर्ससीनवाले. दोघंही आमचेच, एकाच जत्रेला जाणारे. रापणवाला किनाऱ्यावरून जाळं ओढणार, वीस-पंचवीस माणसांचा वाटा त्यात. पर्ससीनवाला यंत्राने थवाच्या थवा उचलणार. २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले ते काही मलपीवाल्यांमुळे नाही, आमच्यातल्या आमच्यात पेटलं होतं म्हणून.

मिसूरीकर_बंड्या

धागा माझ्यासाठीच काढलाय की काय! सेंट लुईसजवळ राहतो, एल्कसाठी पश्चिमेला जातो. शिडीवाल्यांशी नातं नाही, पण आमच्या राज्याचे म्हणून अभिमान आहे.

आता आमची बाजू. नॉनरेसिडेंट म्हणजे तुम्हाला चालता-बोलता एटीएम वाटतो. सोडतीत नाव लागलं नाही तर 'पॉइंट' घ्या, म्हणजे पुढच्या सोडतीत नंबर वर सरकतो. मेंढ्याच्या एका पॉइंटला वायोमिंग दरवर्षी १५० डॉलर घेतं. दहा वर्षं भरा, वीस वर्षं भरा. बाहेरच्यांना परवानेच मूठभर आणि रांगेत माझ्यापुढे हजारो. हे मला मेंढा विकत नाहीत, आशा विकतात. कोलोरॅडोत धनुष्यबाणाचा एल्क परवाना काउंटरवर मिळायचा. २०२५ पासून बाहेरच्यांना तो बंद, सोडतीत या. आयडाहोत डिसेंबरात ऑनलाइन रांगेत नंबर लावून बसायचो, आता २०२६ च्या मोसमापासून तिथेही सोडत. एक दार बंद झालं की सगळे दुसऱ्या दारावर लोटतात, मग ते राज्य म्हणतं गर्दी झाली, आम्हीही बंद करतो.

आणि पैसा? वायोमिंगच्या खात्याला परवान्यांतून जे उत्पन्न मिळतं त्यातला मोठा वाटा आमच्या खिशातून जातो. बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे, १९३७ च्या कायद्याने तो वन्यजीवांसाठी राज्यांना वाटला जातो. तोही मी मिसूरीच्या दुकानात भरतो. तुमचे ५७ डॉलर म्हणजे सहकुटुंब एकदा पिझ्झा खाण्याचे पैसे. जंगल माझं, पैसे माझे, फक्त मत तुमचं. ही कुठली वाटणी?

एकदा तुमच्याच राज्यात विल्डरनेसच्या नियमापायी धंदेवाईक आउटफिटर केला होता. आगाऊ पैसे घेतले, प्रत्यक्षात कोवळं पोरगं सोबत दिलं. नकाशा मी वाचत होतो आणि तो माझ्यामागून चालत होता.

खवट_म्हातारा

बंड्या, पैसे देणाऱ्याला मत मिळायला लागलं तर मतदार यादीत आधी त्या औषधवाल्या रँच मालकाचं नाव लागेल. तुझ्या १५० डॉलरला विचारतो कोण?

बोझमनची_सून

मी शिकार करत नाही. नवरा आणि सासरे करतात, दोघेही मोंटानात वाढलेले. ऑक्टोबरच्या शेवटी रायफलचा मोसम उघडतो तेव्हा घरात दिवाळी की एल्क हा प्रश्न माझ्यासमोर असतो, त्यांच्यासमोर नसतो.

सासऱ्यांचा राग पैशावर नाही. ते म्हणतात, पूर्वी शेजारच्या रँचरच्या दारात जायचं, टोपी काढायची, विचारायचं. 'बैलांकडे जाऊ नका आणि फाटक लावून घ्या' एवढं सांगून तो सोडायचा. मोसमानंतर आम्ही त्याचं कुंपण दुरुस्त करून द्यायचो. आता तो म्हातारा गेला, पोरांनी जमीन विकली, घेणारा दुसऱ्या राज्यातला. वर्षातून दोन आठवडे येतो, फाटकावर नारिंगी रंग. (नारिंगी रंगाचा खांब म्हणजे आमच्याकडे 'आत येऊ नका'.) आणि गोळीबार सुरू झाला की एल्कचा कळप बरोबर त्या बंद जमिनीत जाऊन बसतो. एल्क बावळट नसतात. मग बाहेर सरकारी तुकड्यावर सासरे, बंड्याभाऊंसारखे पाहुणे आणि अर्धं बोझमन, सगळे एकमेकांच्या पायात पाय.

तेव्हा सासरे बाहेरच्या नंबरप्लेटवर चिडतात, कारण समोर तीच दिसते. मालक दिसत नाही.

मोंटानात एल्कसकटचा मोठा परवाना बाहेरच्यांपैकी वर्षाला १७ हजार जणांनाच, किंमत हजार डॉलरच्या वर. पूर्वी त्यातले काही आउटफिटरच्या गिऱ्हाइकांना हमखास मिळत. २०१० मध्ये लोकांनी सार्वमत घेऊन ती पद्धत बंद पाडली. बंड्याभाऊंसाठी एक चांगली गोष्ट: त्यांच्या पैशातूनच मुख्यत्वे 'ब्लॉक मॅनेजमेंट' चालतं. खासगी मालकाला राज्य पैसे देतं आणि तो जमीन सगळ्यांना उघडतो. सुमारे ७० लाख एकर अशा उघड्या आहेत. सासरे दरवर्षी तिथेच जातात आणि तिथल्या वहीत सही करताना वरची नावं वाचून 'टेक्सास, मिनेसोटा, जॉर्जिया' असं पुटपुटतात. त्यांच्याच पैशावर फाटक उघडलंय हे मी एकदा जेवताना बोलले. नवऱ्याने टेबलाखालून पाय मारला.

आणि लॅरमीकर, शिडीचा निकाल आमच्यावर बंधनकारक नाही. आम्ही नवव्या सर्किटमध्ये.

स्नेहल_मिनेसोटा

इथली गोष्ट मोठ्या जनावरांची नाही, फेजंट नावाच्या रानकोंबड्यांची आणि बदकांची. नॉर्थ डकोटात फेजंटचा मोसम सुरू झाला की पहिले सात दिवस राज्याने भाड्याने घेऊन लोकांना खुल्या केलेल्या शेतांवर बाहेरच्यांना मज्जाव. ती शेतं फक्त त्यांच्या लोकांना. आठव्या दिवशी तुम्ही या, पक्षी तोवर शहाणे झालेले असतात.

यावरून मिनेसोटा राज्याने चक्क नॉर्थ डकोटावर खटला भरला होता, २००४ मध्ये. आमचे तेव्हाचे काँग्रेसमन कॉलिन पीटरसन स्वतः वादी. वर वकिलीबाणांनी सांगितलेला २००५ चा कायदा मध्येच आला आणि २००६ मध्ये आठव्या सर्किटमध्ये आम्ही हरलो. शेजारी-शेजारी राज्यं, अर्ध्या लोकांची सोयरीक पलीकडे, आणि भांडण कशावरून तर सात दिवसांच्या कोंबड्यावरून.

अँकरेजचा_अण्णा

सोयरीक म्हणालात म्हणून सांगतो. अलास्कात तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि डोंगरी बकरा या तिघांसाठी बाहेरच्या अमेरिकन माणसाला धंदेवाईक गाइड घ्यावा लागतो. खर्च काही हजार नाही, काही दहा हजार डॉलर. अपवाद एकच: जवळचा नातेवाईक अलास्काचा रहिवासी असेल तर तो सोबत आला तरी चालतं. नात्यांची यादी कायद्यात आहे. भाऊ चालतो, आजोबा चालतात, सासरा चालतो, मेव्हणा चालतो. काका, मामा, चुलतभाऊ, आतेभाऊ चालत नाहीत. पुण्याचा माझा मामेभाऊ हे वाचून रुसलाय. तसाही तो अमेरिकन नागरिक नाही. त्याला मूसपासून सगळ्याच मोठ्या जनावरांना गाइड लागेल.

आमच्याकडचा खरा वाद राज्याबाहेरच्यांशी नाहीच, राज्यातल्या राज्यात आहे. १९८० च्या केंद्रीय कायद्याने केंद्राच्या जमिनीवर खेड्यातल्या माणसाला पोटापुरत्या शिकारीत पहिला मान दिला. राज्यानेही तसंच केलं होतं, पण १९८९ मध्ये अलास्काच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आमच्या राज्यघटनेत असा भेद बसत नाही. तेव्हापासून एकाच नदीकाठी दोन सरकारांचे दोन नियम. मी अँकरेजमध्ये राहतो म्हणजे खेड्यातल्या युपिक (इथल्या मूळ जमातीच्या) माणसाच्या हिशोबी मीच बाहेरचा, आणि त्याचं बरोबर आहे. त्याच्या गावात दुधाचा डबा काय भावाने मिळतो ते बघितलं की मूसवर पहिला हक्क कुणाचा यावर मी वाद घालत नाही.

खवट_म्हातारा

लॅरमीकर, राग मानू नका, पण 'आमच्या वायोमिंगमध्ये' म्हणायला किती वर्षं लागली? एक. कायद्याने एक. तिकडे क्रो, शोशोनी या मूळ जमातींच्या पिढ्या गेल्या, त्यांना परवाना कुणी विचारला होता?

वकिली_बाणा

खवट बाबा, विचारला ना, आणि तो खटला वायोमिंगचाच! क्रो जमातीचा एक माणूस २०१४ साली मोंटानातल्या त्यांच्या राखीव क्षेत्रातून एल्कच्या मागावर निघाला आणि हद्द ओलांडून वायोमिंगच्या बिगहॉर्न राष्ट्रीय जंगलात उतरला. वायोमिंगने गुन्हा दाखल केला: परवाना नाही, मोसम नाही. तो म्हणाला, १८६८ चा तह बघा, सरकारच्या मोकळ्या पडीक जमिनीवर शिकारीचा हक्क आम्हाला दिलाय. राज्याचा युक्तिवाद असा की १८९० मध्ये वायोमिंग राज्य झालं तेव्हाच तो हक्क संपला. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, संपला नाही. ती जागा 'मोकळी' धरायची का आणि संवर्धनासाठी राज्याला निर्बंध घालता येतील का, हे प्रश्न मात्र खालच्या कोर्टाकडे परत धाडले.

परवान्याच्या अर्जावर तो माणूस नॉनरेसिडेंट.

लॅरमीकर

सगळ्यांचे आभार. खवट बाबा, राग कसला, प्रश्न रास्तच आहे. माझं एक वर्ष आणि क्रो लोकांच्या पिढ्या, यात मला पहिला नंबर मिळतो तो कायद्याने, न्यायाने नव्हे.

बंड्या, तुझ्या पैशाच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्यापायी इथल्या मित्रांच्या शिव्या खातो. आमची फी वाढवायचा विषय निघाला की आमदारांची वाचा बसते. बाहेरच्याची फी वाढवली तर एकही मत जात नाही. त्यामुळे खात्याला पैसे लागले की तुझ्या खिशात हात. याचा दुसरा परिणाम लोकांना दिसत नाही: खातं तुझ्यावर जितकं अवलंबून, तितके तुझे परवाने कमी करणं त्याला जड. म्हणजे '९०/१० सगळीकडे करा' म्हणणाऱ्या माझ्या शेजाऱ्याने आधी ५७ ऐवजी दीडशे डॉलर द्यायची तयारी दाखवावी. हे मी त्याला सांगितलं. त्या दिवसापासून त्याचा बर्फ काढायचा स्नोब्लोअर मला उसना मिळत नाही.

पण 'जंगल माझं म्हणून एल्कही माझा' हे मला पटत नाही. जानेवारीत बर्फ साचलं की एल्क आणि प्राँगहॉर्न खाली उतरतात, रँचरच्या गवताच्या गंजी फस्त करतात, महामार्गावर गाड्यांखाली येतात. तो त्रास इथला माणूस काढतो. कळप कमी झाला तर सगळ्यात आधी त्याला कळतं. त्याला वाटा जास्त हवा, यात वाद नसावा. फक्त वाटा जास्त आणि वर्गणी कमी, हे किती काळ चालणार?

सूनबाईंचा नारिंगी खांब वाचून वाईट वाटलं. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, टेबलाखालचा पाय सांभाळून.

मिसूरीकर_बंड्या

दीडशे म्हणालास तिथेच जिंकलास. आता कामाचं विचारतो. तो मोफत वाटाड्याचा परवाना तू काढशील का? माझं नाव सोडतीत लागलं तर सॅव्हेज रन किंवा ह्युस्टन पार्कच्या विल्डरनेसमध्ये जायची फार इच्छा आहे. राहणं-खाणं माझ्याकडे लागलं.

लॅरमीकर

काढतो की. मात्र त्यात मोबदला घेता येत नाही, त्यामुळे राहणं-खाणं आपापलं, उगाच वॉर्डनला कोडं नको. आणि मला जंगलात तुझ्यासोबत राहावं लागेल, नुसती सही करून घरी बसता येणार नाही. म्हणून ऑक्टोबरातला पहिला आठवडा नको, तेव्हा माझे वर्ग असतात. अर्ज आधी भर. बाहेरच्यांची एल्कची मुदत आमच्यापेक्षा कितीतरी आधी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते. साध्या रांगेत भर, स्पेशलच्या नादी लागू नकोस.

खवट_म्हातारा

आणि वाटेत नकाशा कोण वाचणार ते आत्ताच ठरवा.